अण्णांची फियाट आणि तीन सह्या

अमेरिकन मसल कार दुरुस्त करण्याचे व्हिडिओ आपल्या पिढीतल्या पुष्कळांनी पाहिले असतील. गवतात वर्षानुवर्षं पडलेली डॉज किंवा मस्टँग कुणीतरी ट्रकवर चढवून घरी आणतो आणि वीस मिनिटांच्या व्हिडिओत ती चकाचक होऊन बाहेर पडते. मीही ते रात्र-रात्र पाहिले आहेत. 1964 साली अमेरिकेत पाँटियाक जीटीओ आली. सव्वातीनशे अश्वशक्तीच्या त्या गाडीपासून मसल कारचं युग सुरू झालं असं मानतात. त्याच 1964 साली आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट 1100 डिलाइट आणली. इंजिन 1089 सीसी, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या घरात. दंडाच्या बेटकुळ्या दाखवाव्यात अशी ही गाडी नव्हे. पण प्रतापनगरच्या घराच्या पोर्चमध्ये जीटीओ कुठून येणार? तिथे फियाटच होती, 1970 सालची, आमच्या आजोबांची.

ही गाडी मी वीस महिन्यांत घरीच उभी केली. त्याआधी मी कधी स्कूटरचा प्लगसुद्धा स्वतः बदलला नव्हता. शिक्षणाने बीई असलो तरी काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे हाताला तेल लागण्याचा प्रसंग पोळीभाजीपुरताच. आपल्या मंडळातल्या दोन-तीन मुलांनी विचारलं की हे जमतं कसं, खर्च किती, कागदपत्रांचं काय. म्हणून हा लेख. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की यात पान्यांपेक्षा सह्यांची गोष्ट जास्त आहे.

आधी गाडीविषयी थोडं, कारण तिच्यात मराठी माणसाचा हात आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, 1944 साली. सुरुवातीला कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. मग फियाट आली. सुरुवातीच्या गोलमटोल, पुढची दारं उलटी उघडणाऱ्या फियाटला मुंबईकरांनी लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटलं. नंतरची चौकोनी 1100 आपल्याला ओळखीची, कारण तीच 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा बनली. त्या टॅक्सीतली शेवटची ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आणि बडोदेकरांसाठी एक गंमत: फियाटची प्रतिस्पर्धी अँबॅसडर ज्या हिंदुस्तान मोटर्सची, ती कंपनी 1942 साली सुरू झाली ओखा बंदरात, म्हणजे तेव्हाच्या आपल्या बडोदा संस्थानाच्या ओखामंडळात! पुढे ती बंगालात गेली.

आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. 1948 साली लागले तेव्हा रेल्वे गायकवाड सरकारची. 1949 मध्ये ती बीबी अँड सीआय रेल्वेत गेली आणि 1951 मध्ये वेस्टर्न रेल्वे झाली. अण्णा म्हणायचे, "मी बाक बदललं नाही, पण तीन रेल्वेंची नोकरी केली." त्यांचं सगळं आयुष्य नॅरोगेजच्या इंजिनांत गेलं. आजही प्रतापनगरच्या हेरिटेज पार्कमध्ये ती जुनी इंजिनं उभी आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी मुलांना तिथे नेलं असेल. डभोई ते मियागाम ही गायकवाडांची छोटी रेल्वे 1862 साली सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढत होते हे मुलांना सांगून बघा, त्यांचा विश्वास बसत नाही.

तर अशा माणसाने 1978 साली एका डॉक्टरांकडून आठ वर्षं वापरलेली फियाट घेतली. नवीन गाडीसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे आणि ती फिटरच्या पगारात येणारीही नव्हती. अण्णा 2012 साली गेले. त्याआधीच दोन वर्षं गाडी पोर्चमध्ये उभी होती आणि नंतर तशीच राहिली. तिच्या टपावर पापड वाळायचे, बोनेटखाली मांजरीची बाळंतपणं व्हायची. बाबा तिच्याकडे बघतच नसत. 2023 च्या दिवाळीत भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला आणि बाबांनी "घेऊन जा" म्हटलं. मी म्हटलं, "बाबा, मला सहा महिने द्या." ते म्हणाले, "सहा महिने घे नाहीतर सहा वर्षं. तिच्या कागदाचं काय करशील?" तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही.

आधी काम कसं केलं ते सांगतो.

मला गुरू मिळाले ते एक चाचा. वय सत्तरीच्या पुढे, गॅरेज मुलाला देऊन बसलेले. ते दर रविवारी सकाळी यायचे, पोर्चमधल्या खुर्चीवर बसायचे, चहा घ्यायचे आणि स्वतः एकाही बोल्टला हात लावायचे नाहीत. सगळं माझ्याकडून करून घ्यायचे. पहिल्या रविवारी मी उत्साहाने बोनेट उघडलं तर म्हणाले, "पहेला ब्रेक, पछी एन्जिन." न चालणारी गाडी कुणाला मारत नाही, न थांबणारी मारते, हा त्यांचा सिद्धांत. मला तो पुरेपूर पटला, कारण या गाडीत माझी सहा वर्षांची मुलगी बसणार होती.

या फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, नुसत्या जॅकवर कधीच नाही, आणि ड्रम काढले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. इतक्या वर्षांत त्या पाण्याने चाकांतले छोटे सिलिंडर आतून गंजून घट्ट बसले होते. ते सगळे बदलले, मास्टर सिलिंडरची रबरं बदलली, रबरी नळ्या आणि स्टीलच्या पाइपलाइनही नव्या घातल्या. मग ब्रेकमधली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात: एक पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी निपल उघडतो. माझी बायको आत बसून पेडल दाबत होती आणि फोनवर तिची ऑफिसची मीटिंग चालू होती. "येस, आय अग्री" म्हणताना पेडल खाली, असं ते काम झालं.

इंजिन जाम होतं. चौदा वर्षं उभ्या गाडीला चावी मारली तर आत गंजलेल्या रिंगा सिलिंडरवर ओरखडे पाडतात. त्यामुळे चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू मागे-पुढे. तिसऱ्या रविवारी पाना बोटभर हलला. चाचा खुर्चीवरून उठले आणि त्यांनी स्वतः एकदा पाना फिरवून पाहिला. वीस महिन्यांत त्यांनी हात लावला तो एवढाच.

पेट्रोलच्या टाकीत पेट्रोलचा डिंक झाला होता. टाकी काढून रेडिएटरवाल्याकडून साफ करून घेतली. टाकीचं काम घरी करू नका, जुन्या टाकीत उरलेली वाफ जिवावर बेतू शकते. रबरी पाइप सगळे इथेनॉलला टिकणारे घेतले. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ते फुगतं, चिरतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं.

सर्वांत मोठं काम निघालं पत्र्याचं. फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. त्यामुळे फरशीचा पत्रा सडला म्हणजे फक्त पायाखाली भोक पडलं असं नसतं, गाडीचं हाडच गेलेलं असतं. कार्पेट काढल्यावर मला ड्रायव्हरच्या सीटखाली पोर्चची लादी दिसली. यावर सोपा उपाय म्हणजे वरून पत्र्याचं ठिगळ, त्यावर लांबी आणि रंग. गाडी विकायची असेल तर लोक हेच करतात. आम्ही सडलेला भाग कापून काढला आणि एका डेंटरकडून चांगल्या पत्र्यापर्यंत नवा पत्रा जोडून घेतला. तो एकेक तुकडा आधी पुठ्ठ्यावर कापायचा, बसवून बघायचा आणि मग पत्रा कापायचा. आमच्या ऑफिसात याला प्रोटोटाइप म्हणतात आणि त्यावर तीन मीटिंगा होतात.

सॉफ्टवेअरचा उपयोग झाला तो एवढाच: काढण्याआधी प्रत्येक गोष्टीचा फोटो, प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत आणि एका वेळी एकच बदल. कार्ब्युरेटर आणि पॉइंट दोन्ही एकदम हलवले तर गाडी कशामुळे सुधारली की बिघडली हे कळत नाही. वायरिंगचं उंदरांनी जे केलं होतं त्याचं वर्णन करत नाही. ते पूर्ण नवं केलं, फ्यूजसकट.

सुटे भाग मिळवणं ही वेगळीच यात्रा. टॅक्सी धावत होत्या तोवर मुंबईत पद्मिनीचा कुठलाही भाग सहज मिळे, कारण रोज हजारो गाड्यांना तो लागत होता. आता कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरलात तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग माळ्यावर बघतो. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी रबरं, ब्रेकचे भाग, क्लच प्लेट एवढं तरी आताच घेऊन ठेवावं.

2024 च्या पावसाळ्यापर्यंत गाडीचा सांगाडा उभा राहिला आणि मग बाबांचं ते वाक्य समोर आलं. कागदाचं काय?

आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेजची वेगळी सोय आहे: नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी आणि दहा वर्षांची मुदत. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी आणि ती रोजच्या वापरात आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. आम्हाला गाडी रविवारी भाजीला न्यायची होती, म्हणून साधं नूतनीकरण करायचं ठरवलं. दोन्ही वाटांवर पहिला प्रश्न मात्र एकच: गाडी कुणाची?

गाडी अण्णांच्या नावावर होती. मालक वारला की वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 भरावा लागतो, मृत्यूचा दाखला लागतो आणि बाकीच्या वारसांची संमती. अण्णांना चार मुलं. थोरली आत्या, मग बाबा, काका आणि धाकटी आत्या. बाबांच्या नावावर करायची तर तीन सह्या हव्यात. काकांनी फोनवरच हो म्हटलं. धाकटी आत्या नाशिकहून म्हणाली, कागद कुरिअर कर. उरली थोरली आत्या, इंदूरची. मूळ आरसी पुस्तकही तिच्याकडेच होतं. शेवटच्या आजारपणात अण्णा आठ महिने तिच्याकडे होते, तेव्हा त्यांची कागदांची पत्र्याची पेटी त्यांच्याबरोबर गेली होती.

ही आत्या 2013 नंतर आमच्या घरी आली नव्हती. अण्णांनंतर प्रतापनगरचं घर दोघा भावांत वाटलं गेलं आणि बहिणींकडे हक्कसोडीचे कागद सहीसाठी पाठवले गेले. पोस्टाने. तिने सही करून पाठवली आणि येणं बंद केलं. घरात यावर कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

मी गोध्रा-दाहोदमार्गे इंदूरला गेलो. रामबागेतल्या घरी आत्याने पोहे केले, मुलीची चौकशी केली आणि मग म्हणाली, "बोल, कसली सही हवी आहे?" मी गप्प. ती म्हणाली, "अरे, तुमच्याकडून माझ्याकडे माणूस येतो तो सहीसाठीच. मागच्या वेळी तर माणूसही आला नव्हता."

फॉर्म माझ्या बॅगेत होता. तो मी बाहेर काढला नाही. मी मोबाइलवर गाडीचे फोटो दाखवायला लागलो: सडलेली फरशी, उघडलेले ड्रम, रंगाआधीचं राखाडी प्रायमर. सुरुवातीला ती नुसती बघत होती. मग म्हणाली, "पुढे जा. पुढे जा. थांब. हा मागचा उजवा दरवाजा अजून वाजतो का?"

मग मला जे माहीतच नव्हतं ते कळलं. 1979 साली अण्णांनी गाडी चालवायला शिकवलं ते सर्वांत आधी तिला, मुलग्यांना नव्हे. पहाटे पाचला डभोई रोडवर. स्टिअरिंगजवळचा हँड गिअर, आणि शेजारी बसलेले अण्णा फक्त हाताने खूण करायचे, ओरडायचे नाहीत. कॉलेजात असताना आजीला दवाखान्यात तीच न्यायची. प्रतापनगरात तेव्हा गाडी चालवणारी मुलगी म्हणजे लोक ओट्यावर येऊन बघायचे. "घराचं म्हणशील तर मला घर नको होतं," ती म्हणाली. "कुणीतरी येऊन विचारायला हवं होतं, ताई, तुला काय हवं? मी म्हटलं असतं, काही नको. पण विचारायला हवं होतं."

निघताना तिने पेटी उघडली, आरसी पुस्तक मला दाखवलं आणि परत ठेवलं. म्हणाली, "हे मी स्वतः घेऊन येईन. तुझ्या बापाला सांग, मला बोलाव म्हणून."

हे बाबांना सांगणं ब्रेकची हवा काढण्यापेक्षा अवघड होतं. ते तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते पोर्चमध्ये आले. मी मागचा उजवा दरवाजा बसवत होतो आणि तो कसाही केला तरी खालच्या कोपऱ्यात अडत होता. बाबांनी थोडा वेळ पाहिलं, खिशातून फोन काढला आणि अकरा वर्षांनी बहिणीला फोन लावला. कसे आहात वगैरे काही नाही. एकदम म्हणाले, "ताई, तो मागचा दरवाजा मिळत नाहीये. अण्णा काय करायचे गं?" पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग स्पीकरवर आवाज आला, "खालच्या बिजागरीत एक वॉशर घालायचे. अरे, आणि मी येऊ का?" बाबा म्हणाले, "ये की. घर तुझंच आहे." आणि मग लगेच, "म्हणजे… ये." दोघंही पुढचं बोलले नाहीत. वॉशर घातला आणि दरवाजा बसला.

आत्या 2024 च्या दिवाळीत आली, चार दिवस राहिली. पाडव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने स्वतःच चष्मा मागितला आणि फॉर्मवर सही केली. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. काका आणि ती अजून मोजकंच बोलतात आणि हक्कसोडीचा विषय कुणी काढत नाही. पण त्या चार दिवसांत बाबा आणि आत्या रोज रात्री पोर्चमध्ये, रंग न दिलेल्या गाडीशेजारी खुर्च्या टाकून बसायचे. काय बोलायचे ते मला ठाऊक नाही.

इंजिन सुरू झालं त्यानंतर महिन्याभराने. पॉइंटमधली फट फिलर गेजने अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी ठेवली, टायमिंग लावलं, प्लगच्या वायरी 1-3-4-2 क्रमाने जोडल्या. बाकी पत्राकामाचा शेवट, रंग, सीटचं कव्हर आणि वायरिंग यात पुढचे महिने गेले. जून 2025 मध्ये तपासणी, विमा, पीयूसी होऊन आरसीवर बाबांचं नाव आलं.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. एकूण दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास लागले. निम्म्याहून जास्त पत्रा आणि रंगात. या पैशात बरी सेकंडहँड गाडी आली असती, तीही एसीवाली. ज्यांना गुंतवणूक म्हणून करायचं आहे त्यांनी करू नये. ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी माझा क्रम असा: आधी आरसी कुणाकडे आणि कुणाच्या नावावर आहे ते बघा, वारसांशी बोला, मग फरशीचा पत्रा बघा, मग ब्रेक. इंजिन सर्वांत शेवटी, ते जवळपास नेहमी सुरू होतं. आणि तुमच्या भागातले सत्तरीचे मेकॅनिक आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. चाचांकडून मी जे शिकलो ते कुठल्याही व्हिडिओत नाही. आवाज ऐकून "त्रीजो टॅपेट ढीलो छे" असं ओळखणं पाहून तर मी थक्क झालो.

गाडी आता रविवारी निघते. चाळीसच्या वर नेत नाही, हायवेला तर नाहीच, कारण तिला पट्टे नाहीत आणि तिचे ब्रेक 1970 चेच आहेत. इंजिनाखाली थोडं ऑइल गळतं. चाचा म्हणतात, फियाट गळत नसेल तर समजावं ऑइल संपलंय. या गणपतीत आत्या आली तेव्हा तिने पर्समधून लायसन्स काढून माझ्यासमोर धरलं, पुढच्या वर्षापर्यंत वैध होतं, आणि चावी मागितली. बाबा शेजारी बसले. मागे माझी मुलगी आणि मी. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आत्याने एकही गिअर न वाजवता गाडी वळवली. बाबा सवयीने काहीतरी सांगायला गेले तर म्हणाली, "तू गप्प बस. अण्णांनी तुला नंतर शिकवलंय."